'वॉर अँड ब्युटी' कशी बघायची: हाँगकाँगची राजवाड्याची सिरीयल पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी, पायरीपायरीने

नावापासून सुरू करते, कारण अर्धी सिरीयल त्या नावातच आहे. 'वॉर अँड ब्युटी' हे इंग्रजी नाव, कँटोनीज, म्हणजे हाँगकाँगमध्ये बोलतात त्या चिनीतलं नाव आहे 'कम ची युक यीप'. चिनी भाषेत एक जुना वाक्प्रचार आहे, सोन्याची फांदी आणि जेडची पानं, म्हणजे राजघराण्यात जन्मलेली नाजूक, जपून वाढवलेली लेकरं. जेडची पानं म्हणजे 'युक यीप'. सिरीयलवाल्यांनी काय केलं, ती दोन अक्षरं काढली आणि त्याच उच्चाराची दुसरी दोन अक्षरं बसवली, त्यांचा अर्थ वासना आणि पापाचं फळ. कानाला काही फरक कळत नाही, कागदावर मात्र जेडच्या पानांच्या जागी वासना आणि तिचं फळ येऊन बसतं. आपल्याकडे 'भोग' हा एकच शब्द आहे बघा, सुख भोगणं पण त्यातलं आणि कर्माचे भोग पण त्यातलेच, तसं काहीसं. आणि ही गंमत फक्त कँटोनीजमध्ये जमते, मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेत, तेच शब्द 'यू ये' आणि 'यू न्ये' असे वेगळे वाजतात.

म्हणून माझं म्हणणं पहिल्यापासून एकच आहे, ही सिरीयल डोळ्यांइतकीच कानांनी बघायची. कोण कुणाला काय हाक मारतंय आणि स्वतःला काय म्हणवतंय, खरी मारामारी तिथे आहे. तलवारी अगदी शेवटी येतात.

थोडक्यात ओळख. हाँगकाँगच्या टीव्हीबी चॅनेलने २००४ मध्ये ऑगस्ट ते ऑक्टोबर दाखवलेली, ३० एपिसोड, निर्माता जोनाथन चिक. काळ चिंग राजवटीतल्या च्याचिंग बादशहाचा. त्याच वर्षीच्या टीव्हीबी पुरस्कारांमध्ये सर्वोत्कृष्ट मालिका हीच, अभिनेत्री गीगी लाय आणि अभिनेता बोवी लॅम, दोघंही याच सिरीयलसाठी. आज चिनी राजवाड्यातल्या राण्यांच्या कारस्थानांच्या शेकड्याने सिरीयली आहेत, पण एकच एक भोळी नायिका न ठेवता चार बायकांना सारखं वजन देणारी ही त्या सगळ्यांच्या आधीची आहे आणि माझ्या मते अजूनही सगळ्यात कसदार.

पायरी १: ऑडिओ कुठला लागलाय ते तपासा

हे न करता पुढे जाऊ नका. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा सहा एपिसोड झाल्यावर कळलं की हे मँडरिन डब आहे, ओठ एक बोलतायत आणि आवाज दुसराच, आणि मला वाटत होतं अभिनयच थंड आहे. मग कँटोनीज ऑडिओ मिळवून परत पहिल्यापासून बघितली आणि तीच माणसं एकदम जिवंत झाली. यातल्या नटांचे आवाज हा त्यांच्या अभिनयाचा मोठा भाग आहे, शेरेन टँग एखादं वाक्य जवळजवळ कुजबुजत बोलते आणि समोरच्याच्या पाठीचा कणा ताठ होतो, ते डबमध्ये जातं.

तपासायचं कसं, तर बादशहाला हाक मारायची वाट बघा, दोन मिनिटांत येतेच. 'वोंग सोंग' ऐकू आलं तर कँटोनीज, 'हुआंग शांग' ऐकू आलं तर मँडरिन. राण्यांना 'नोंग नोंग' म्हटलं तर बरोबर, 'न्यांग न्यांग' म्हटलं तर ऑडिओ बदला. शिवाय कँटोनीजमध्ये शब्दाच्या शेवटी प, त, क असे तुटक थांबे येतात, जणू शब्द तोंडातच पकडून ठेवला, मँडरिनमध्ये ते नाहीत.

मराठी कानाला एक फायदा आहे तो सांगते. इंग्रजी अक्षरांत कँटोनीज लिहितात तेव्हा 'जी', 'बी', 'डी' लिहितात पण तो आवाज ग, ब, द नसतो, तो क, प, त असतो, आणि जिथे 'के', 'पी', 'टी' लिहितात तिथे ख, थ सारखा श्वास सोडलेला आवाज असतो. इंग्रज माणसाला हा फरक ऐकायला शिकावं लागतं, आपण बालवाडीत क आणि ख वेगळे घोकलेत. तसंच आपल्याकडे 'चार'मधला च आणि 'चारा'मधला च वेगळा आहे ना, कँटोनीजमध्ये तो 'चारा'वाला च सारखा भेटतो. शब्दाच्या शेवटचा आणि सुरुवातीचा ङ पण, जो आपल्याला 'वाङ्मय' सोडून कुठे दिसत नाही. सहा सूर आहेत ते मात्र सोडून द्या, बघण्यापुरती त्यांची गरज नाही.

सबटायटल इंग्रजीच मिळतील. पडद्यावर चिनी अक्षरं छापलेली असतील तर ती लिखित प्रमाण चिनी असते, माणसं बोलतायत ते शब्दशः तेच असेल असं नाही, त्यामुळे थोडंफार चिनी वाचता येत असेल तरी गोंधळू नका.

पायरी २: इतिहासाचं एक पान, त्याहून जास्त नको

चिंग राजवट १६४४ ते १९१२. राज्यकर्ते मांचू, म्हणजे ईशान्येकडून आलेले, बहुसंख्य हान चिनी लोकांवर राज्य करणारे. छ्यानलोंग बादशहाने ६० वर्षं राज्य केलं आणि आजोबा खांगशी यांच्या ६१ वर्षांच्या वर आपण जायचं नाही म्हणून १७९६ मध्ये गादी सोडली, पण सत्ता सोडली नाही. त्याचा पंधरावा मुलगा च्याचिंग म्हणून गादीवर बसला आणि तीन वर्षं नुसता बसूनच राहिला. फेब्रुवारी १७९९ मध्ये म्हातारा गेला, आणि पंधरा दिवसांच्या आत च्याचिंगने बापाच्या लाडक्या, अफाट श्रीमंत मंत्र्याला, हशनला, पकडून रेशमी दोरी पाठवली, म्हणजे स्वतःच जीव दे असा हुकूम. च्याचिंग १८२० पर्यंत राज्यावर होता.

काळ डोक्यात बसवायचा सोपा मार्ग, आपल्याकडे पुण्याच्या गादीवर तेव्हा दुसरे बाजीराव, १७९६ ते १८१८. जवळजवळ तीच वर्षं. खजिना रिकामा होत चाललेला, वैभव बाहेरून शाबूत आणि आतून पोकळ, ते वातावरण आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, हा भ्यायलेला बादशहा आहे. १८०३ मध्ये राजवाड्याच्या उत्तरेच्या दरवाज्यापाशी छन दे नावाचा एक आचारी सुरा घेऊन त्याच्यावर धावून गेला होता. सिरीयलमध्ये छन होंग-लिएने (हाँगकाँगमध्ये त्यांना चान हुंग-लीत म्हणतात) जो थकलेला, संशयी, कुणावरच पूर्ण विश्वास न टाकणारा माणूस उभा केलाय तो या पार्श्वभूमीवर बघा.

पायरी ३: राजवाड्याचा कच्चा नकाशा काढा

वहीत एक उभा चौकोन काढा. पेइचिंगचा राजवाडा, १४०६ ते १४२० मध्ये बांधलेला, उत्तर-दक्षिण ९६१ मीटर, पूर्व-पश्चिम ७५३ मीटर, भोवती दहा मीटर उंच भिंत आणि बाहेर ५२ मीटर रुंद खंदक. चौकोनाचा खालचा अर्धा भाग दरबाराचा, मोठमोठी दालनं आणि अंगणं, तो पुरुषांचा. वरचा अर्धा भाग राहण्याचा. तिथे मधोमध बादशहा-बादशहीण, पूर्वेला सहा महाल, पश्चिमेला सहा महाल, त्यात राण्या. अगदी वर बाग आणि उत्तरेचा दरवाजा शनवूमन, नवीन मुली निवडीसाठी येतात त्या या दारातून.

आता त्या वरच्या अर्ध्यावर बोट ठेवा. यातल्या बायकांचं अख्खं आयुष्य एवढ्या जागेत. इथे कायम राहणारा वयात आलेला, शरीराने पूर्ण असा पुरुष एकच, बादशहा. बाकी खोजे. म्हणून सिरीयलमध्ये दोन पुरुषांना एवढं महत्त्व आहे, एक राजवैद्य स्युन पाक-योंग (बोवी लॅम), ज्याला नाडी बघायच्या निमित्ताने आत जाता येतं, आणि दुसरा पहारेकरी हुंग मो (मोझेस चान). बाहेरचा वारा आत येण्याच्या या दोनच फटी.

पायरी ४: हुद्द्यांची शिडी पाठ करा

ही शिडी एकदा डोक्यात बसली की निम्मे संवाद सबटायटलशिवाय कळायला लागतात. सगळ्यात वर वोंग-हाउ, बादशहीण, एक. तिच्याखाली वोंग-क्वाय-फेई, एक, बऱ्याचदा रिकामीच जागा. मग क्वाय-फेई दोन, फेई चार, त्याखालच्या पायरीवर सहा. या जागा मोजलेल्या आहेत, कुणी वर जायचं तर कुणीतरी मरावं लागतं किंवा खाली यावं लागतं, सगळं कथानक या एका नियमातून निघतं. त्याखाली क्वाय-यन, सोंग-चॉय आणि ताप-यिंग, यांना संख्येची मर्यादा नाही.

खालच्या नावांचा शब्दशः अर्थ ऐका. क्वाय-यन म्हणजे मानाची व्यक्ती. सोंग-चॉय म्हणजे नेहमी हजर असलेली. ताप-यिंग म्हणजे हाकेला ओ देणारी. सर्वात खालच्या बायकोचं पदच 'ओ देणारी'. हे मला कळलं त्या दिवशी मी पुढचा एपिसोड लावलाच नाही, तो शब्दच डोक्यातून जाईना.

या शिडीच्याही बाहेर, पायथ्याशी उभ्या असतात त्या सौ-नोय, निवडीला आलेल्या मुली. मांचू लष्करी व्यवस्थेतल्या घराण्यांना आपल्या मुली, साधारण १३ ते १७ वयाच्या, ठरलेल्या काळाने निवडीला पाठवाव्याच लागायच्या, दर तीन वर्षांनी. आधी लग्न उरकून टाकायची सोय नव्हती. सिरीयल अशाच एका निवडीपासून वेग घेते.

पायरी ५: 'मी' कसं म्हणतात ते ऐका

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, माझा जीव या पायरीत आहे.

यात साधं 'मी' जवळपास कुणालाच परवडत नाही. बादशहा स्वतःला 'चम' म्हणतो, चमच्यातला च, हा शब्द त्याच्याशिवाय कुणी वापरायचाच नाही. मोठी राणी खालच्यांशी बोलताना 'पून-कुंग' म्हणते, शब्दशः 'हा महाल', म्हणजे बाई स्वतःला आपल्या महालाच्या नावाने संबोधते. तीच राणी बादशहापुढे गेली की 'सन-छीप' होते, तुमची दासी-बायको. खोजे आणि पहारेकरी 'नो-छॉय', गुलाम. खोज्यांना बाकीचे 'कुंग-कुंग' म्हणून हाक मारतात, आणि त्या 'कुंग-कुंग'मध्ये आदर आहे की तुच्छता हे पूर्णपणे सुरावर. वैद्य 'थाय-यी'.

आपण पण हे करतोच की. 'अहो' आणि 'अगं', 'तुम्ही' आणि 'तू', सासू चिडली की सूनबाईंना अचानक 'आपण' म्हणायला लागते ते. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, फक्त कान तिकडे लावावा लागतो. इंग्रजी सबटायटलमध्ये या सगळ्याचं एकच होतं, 'आय' आणि 'यू'. म्हणजे वाक्य हातात येतं आणि त्यातला चावा निघून जातो.

करायचं काय, तर एखादा प्रसंग महत्त्वाचा वाटला की पॉज करा, दहा सेकंद मागे जा, आणि सबटायटल झाकून, मी खरंच हाताने पडद्याचा खालचा भाग झाकते, फक्त 'मी'चा शब्द पकडा. माझ्या वहीत एक पान आहे त्यावर मी असं लिहीत गेले: कोण, कुणाशी, 'मी'साठी कुठला शब्द, आणि त्याच दोघांमध्ये आधीच्या वेळी कुठला होता. दहा-बारा नोंदी झाल्या की दिसायला लागतं. दोघी एकांतात असताना 'पून-कुंग' गळून पडून साधा 'ङो' आला, ङो म्हणजे साधं मी, तर समजायचं की इथे काहीतरी खरं बोललं जातंय किंवा खरं बोलल्याचं नाटक चालू आहे. आणि आजवर 'ङो' म्हणणारी बाई एखाद्या सकाळी मैत्रिणीशी औपचारिक बोलायला लागली तर मैत्री संपली, ते तोंडाने सांगायची गरज नाही.

यासोबत हात बघा. झाकण असलेल्या चहाच्या वाटीतून पिताना झाकणाने पानं बाजूला सारायची, ते किती सावकाश चाललंय ते बघा, समोरच्याला किती वेळ उभं ठेवायचं ते तिथे ठरतं. करंगळी आणि अनामिकेवरचे लांब धातूचे नखकोश, ते घातलेली बाई हाताने कुठलंच काम करत नाही हे सांगणारे. मांचू बायका एका कानात तीन कुडी घालायच्या, ते पण शोधा.

पायरी ६: नावांची वही

नावांमुळे लोक तिसऱ्या एपिसोडला सोडून देतात, कारण सबटायटल कुणी केलंय त्यावर एकाच बाईचं नाव कधी कँटोनीज उच्चाराने येतं कधी मँडरिन. म्हणून दोन्ही लिहून ठेवा. यू-फेई, मँडरिनमध्ये रू-फेई, ही शेरेन टँग, वर्षानुवर्षं बादशहाची मर्जी राखून बसलेली. युक-यिंग, मँडरिन यूयिंग, ही गीगी लाय, निवडीला आलेली, तोंडाने फटकळ. यी-सन, मँडरिन अरछुन, ही शार्मेन शे, तिच्यासोबतच आलेली, वरवर शांत. ऑन-सिन, मँडरिन आन-छ्येन, ही मॅगी च्युंग हो-यी, दासी, जिला राणी व्हायचं नाही, बाहेर आजी आहे तिच्याकडे जायचंय. हिचं नाव वाचून सिनेमातली प्रसिद्ध मॅगी च्युंग समजू नका, ही वेगळी.

एवढी चार आणि वरचे दोन पुरुष, सहा नावं. बाकीची आपोआप कळत जातात. यापुढे चौघींबद्दल काही सांगत नाही, कोण कुणाची शत्रू आहे हे आधी कळलं तर मजा जाते.

पायरी ७: वेग

हाँगकाँगमध्ये ही आठवड्याला पाच रात्री लागायची, सहा आठवड्यांत संपली. तोच वेग ठेवा. रोज एक, फार तर दोन. एका बैठकीत आठ एपिसोड बघितले तर चेहरे आणि कारस्थानं एकात एक मिसळतात, आणि ही सिरीयल मध्ये झोपून उठल्यावर जास्त कळते, काल ती तसं का म्हणाली ते सकाळी भांडी घासताना लक्षात येतं. पहिले चार-पाच एपिसोड संथ वाटतील. तेवढा वेळ द्याच. जेवताना बघू नका, मान खाली गेली की एक नजर चुकते.

पायरी ८: खरं किती, रचलेलं किती

हे सिरीयल संपत आल्यावर वाचलंत तर उत्तम, पंचवीसाव्या एपिसोडनंतर म्हणा.

चौघींच्या कहाण्या रचलेल्या आहेत. पण यू-फेईच्या नावाची राणी खरी होती, च्याचिंगच्या जनानखान्यात, न्योहुरू घराण्यातली, जन्म १७८७. ती जगली १८६० पर्यंत. नवरा गेल्यावर पुढची चाळीस वर्षं, त्याच भिंतींच्या आत, आणखी दोन बादशहा गादीवर बघून. सिरीयलच्या यू-फेईचा चेहरा डोळ्यापुढे ठेवून ही वर्षं मोजून बघा.

दुसरी खरी गोष्ट म्हणजे शेवटाकडे येणारं बंड. ८ ऑक्टोबर १८१३. थ्येन-ली नावाचा पंथ, म्होरक्या लिन छिंग, आतल्या काही खोज्यांना फितवून बंडखोर पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या दरवाज्यातून भरदिवसा राजवाड्यात शिरले, मोजके काही डझन माणसं. बादशहा शिकारीच्या मुलुखाकडून परतीच्या वाटेवर होता, राजवाड्यात नव्हता. लोंगझोंग दरवाज्यापाशी, म्हणजे राण्यांच्या महालांपासून हाकेच्या अंतरावर, ते अडले. भिंतीवर चढणाऱ्यांना राजपुत्र म्यानिंगने बंदुकीने टिपलं, हाच पुढचा तावग्वांग बादशहा. च्याचिंगने नंतर स्वतःलाच दोष देणारं फर्मान काढलं. लोंगझोंग दरवाज्याच्या पाटीत रुतलेलं बाणाचं टोक आजही लोकांना दाखवतात.

पायरी ३ मधला नकाशा इथे परत काढा आणि त्यावर हा दरवाजा खूण करून ठेवा, वरच्या अर्ध्याच्या खालच्या कडेला, थोडा डावीकडे. शेवटचे एपिसोड बघताना कोण कुठून कुठे पळतंय आणि कुणाला दार कुठलं जवळ आहे, ते त्या कागदावर बोट फिरवत बघा, मी तसंच केलं आणि माझं बोट थरथरत होतं.

पायरी ९: संपल्यावर

२०१३ मध्ये याच निर्मात्याचा दुसरा भाग आला, गोष्ट आणि पात्रं नवी, शेरेन टँग परत आहे. तो लगेच लावू नका, पहिल्याची चव जिभेवर असताना तो पचत नाही. त्यापेक्षा टीव्हीबीचीच २००९ ची 'बियाँड द रेल्म ऑफ कॉन्शन्स' बघा, थांग राजवटीतली, ३३ एपिसोड, राण्यांपेक्षा राजवाड्यात दागिने, कपडे, जेवण सांभाळणाऱ्या खात्यांमधल्या बायकांची गोष्ट, शार्मेन शे त्यातही आहे. ती सोपी आहे, चांगलं-वाईट स्पष्ट आहे, कान तयार झाल्यावर भरभर जाते.

पण त्याच्याही आधी 'वॉर अँड ब्युटी'चा पहिला एपिसोड परत लावा, सबटायटल बंद करून. हुद्दे पाठ झालेले असतात, 'मी'चे शब्द ओळखीचे झालेले असतात. यू-फेई पहिल्यांदा दिसते तेव्हा ती 'पून-कुंग' कशी म्हणते ते ऐका, आणि तिच्यासमोर कोण किती वाकलंय ते.